कशाच्या दुप्पट?



या सदरात आम्ही शब्दांची ओळख करून देतो. शब्द कुठून आला, तो वाक्यात कसा चालतो आणि आपल्या संसाराशी त्याचे काय नाते आहे, एवढेच आम्ही पाहतो. या वेळचा शब्द शाळकरी मुलांना व्याकरणाच्या पुस्तकात भेटतो. तिथे संख्याविशेषणांचे प्रकार दिलेले असतात. एक, दोन, तीन ही गणनावाचक. पहिला, दुसरा, तिसरा ही क्रमवाचक. आणि दुप्पट, तिप्पट, चौपट, दुहेरी, तिहेरी ही आवृत्तिवाचक. मुले हे पाठ करतात, परीक्षेत एखादा गुण मिळवतात आणि विसरून जातात. पण आवृत्तिवाचक विशेषण विसरून चालणार नाही. पगाराचा कागद, सावकाराची चिठ्ठी आणि जमिनीच्या मोबदल्याची नोटीस, या तिन्ही ठिकाणी हाच शब्द बसलेला असतो. तो नीट कळला नाही तर फसगत आपली होते.

घडी आणि पेड

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने मुळशीकडे निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुटच्या बाजूला बंगल्यांच्या योजना दिसतात. त्यांच्या जाहिरातींत ‘डुप्लेक्स’ हा शब्द असतो. त्या बंगल्यांसाठी विटा-वाळू वाहणाऱ्या आपल्या माणसांनाही तो ठाऊक आहे : खाली-वर दोन मजले मिळून एकच घर, ते डुप्लेक्स. हा शब्द लॅटिन, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतला. त्यातला ‘दु’ म्हणजे दोन आणि ‘प्लेक्स’चे मूळ आहे घडी घालणे. डुप्लेक्स म्हणजे दोन घड्यांचे. सिंप्लेक्स म्हणजे एका घडीचे, आणि इंग्रजीतला ‘सिंपल’ हा त्याच कुळातला. ट्रिप्लेक्स तीन घड्यांचे, मल्टिप्लेक्स पुष्कळ घड्यांचे. लॅटिनमध्ये विभक्ती लागली की डुप्लेक्सचे ‘डुप्लिकिस’ होते. तोच क ‘डुप्लिकेट’मध्ये उतरला. डुप्लिकेट चावी म्हणताना आपण दोन हजार वर्षांपूर्वीचे व्याकरण बोलत असतो.

मराठीने हेच काम आपल्या घरातल्या वस्तूंनी केले आहे. पट म्हणजे घडी, थर. पदर म्हणजे लुगड्याचा पदर, त्यावरून एकपदरी, दुपदरी आणि हल्लीचा चौपदरी रस्ता. पेड म्हणजे वेणीचा किंवा दोराचा एक धागा, त्यावरून तिपेडी वेणी. गोधडी शिवणाऱ्या आईला आवृत्तिवाचक विशेषण वेगळे शिकवावे लागत नाही. जुन्या लुगड्याची घडी एकेरी ठेवली तर थंडी लागते, दुहेरी केली तर कमी लागते, हे तिच्या हातांना माहीत असते.

यातला ‘एकेरी’ शब्द आपल्या लोकांना फार लागलेला आहे. गावात आपले म्हातारे कितीही वयाचे असोत, त्यांना एकेरीत हाक मारली जाई. दुसऱ्याला ‘अहो’ आणि आपल्याला ‘अरे’. संख्येचा शब्द माणसाची किंमत मोजायलाही वापरला गेला, एवढे इथे नोंदवून पुढे जातो.

आता पाली. पालीत ‘दिगुण’, ‘तिगुण’, ‘चतुग्गुण’ असे शब्द आहेत. गुण म्हणजे मुळात दोऱ्याचा पेड. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. थंडीच्या दिवसांत भगवान बुद्ध रात्री उघड्यावर बसले. रात्र चढत गेली तशी थंडी वाढली, तसे त्यांनी एकावर एक चीवर घेतले. भिक्खूला किती वस्त्र पुरेसे आहे हे त्यांनी असे स्वतःच्या अंगावर पाहिले आणि मग तीन चीवरांची मर्यादा घालून दिली. त्यातली संघाटी ‘दिगुण’, म्हणजे दुहेरी थराची, आणि बाकीची दोन एकेरी. कापड जुने, विरलेले असेल तर संघाटी ‘चतुग्गुण’, म्हणजे चार थरांची केली तरी चालेल, अशीही मुभा दिली. आधी गरज मोजली, मग संख्या ठरवली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हाच द्विगुण झिजत झिजत मराठीत ‘दुणा’ झाला. आपली मुले ‘बे दुणे चार’ म्हणतात त्यातला दुणे तोच. ‘आनंद दुणावला’ म्हणतो त्यातही तोच. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि कोश यांवर केलेले काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले आहे. ज्यांच्या मुलामुलींना भाषेची आवड आहे त्यांनी तो खंड वाचनालयात जरूर पाहावा.

सांगायचे इतकेच की रोममध्ये घडी, पालीत पेड, मराठीत पट आणि पदर. हे शब्द कापड घडी करणाऱ्या आणि दोर वळणाऱ्या हातांतून आले आहेत. ते शब्द आपलेच आहेत. त्यांचा हिशेब मात्र पुष्कळदा दुसऱ्यांनी ठेवला.

दुहेरी निराळे, दुप्पट निराळे

व्याकरणातली पहिली गोष्ट. लॅटिनमध्ये दोन शब्द जवळजवळ उभे आहेत : डुप्लेक्स आणि डुप्लुस. पहिला म्हणजे दोन थरांचे, दुसरा म्हणजे मापाने दोन पट. मराठीतही तसेच आहे. दुहेरी म्हणजे दोन थरांचे, दुप्पट म्हणजे मापाने दोन पट. दोन मीटर कापड दुहेरी केले तरी कापड दोनच मीटर राहते. दुप्पट केले तर चार मीटर होते. दुहेरी केल्याने वस्तू वाढत नाही, जाड होते.

यावरून एक गैरसमज दूर करता येतो. आर्य अष्टांगिक मार्गाचे इंग्रजी भाषांतर ‘एटफोल्ड पाथ’ असे करतात. इंग्रजी शाळेतल्या एखाद्या मुलाला त्यावरून वाटेल की हा आठपट मार्ग आहे, किंवा आठ निरनिराळे मार्ग आहेत. पाली शब्द स्वच्छ आहे : ‘अट्ठंगिक’, आठ अंगांचा. आठ पेड एकत्र वळले की दोर एकच होतो, तसा मार्ग एकच. सम्यक वाणी ठेवली आणि सम्यक आजीविका सोडली तर एक पेड तुटलेला दोर हातात राहतो.

दुसरी गोष्ट रूपाची. दुप्पट हा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही. दुप्पट पगार, दुप्पट मजुरी, दुप्पट काम. दुणा मात्र बदलतो : दुणा, दुणी, दुणे. आणि लिहिताना ‘दुप्पट’मध्ये प जोडलेला, पण प्रत्यय लागला की ‘दुपटीने’, ‘दुपटीचा’ असा सुटा. मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘पाच रुपये’ म्हटले की अर्थ पुरा झाला. ‘दुप्पट’ म्हटले की अर्थ पुरा होत नाही. ‘कशाच्या?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. मुद्दलाच्या दुप्पट, साध्या दराच्या दुप्पट, बाजारभावाच्या दुप्पट. हा ‘-च्या’ लागलेला शब्द वाक्यातून गाळला की समोरचा माणूस तिथे त्याला सोयीचा शब्द बसवतो. आमच्या आजच्या लेखाचे सार या एका प्रत्ययात आहे.

पगाराचा कागद

पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंत मुळशी तालुक्यात आज कारखाने आणि कंपन्या आहेत. तिथले कामगार ‘सिंगल ओटी’ आणि ‘डबल ओटी’ असे शब्द वापरतात. ओव्हरटाइमला साधाच दर लावला तर सिंगल, दुप्पट दर लावला तर डबल. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम झाले तर साध्या दराच्या दुप्पट मोबदला ठरवला होता. २०१९ च्या वेतन संहितेतही ओव्हरटाइमचा दर साध्या दराच्या दुपटीपेक्षा कमी नसावा असेच आहे. हा ४८ चा आकडा आपण विसरू नये. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते, त्या काळात कारखाने कायद्याच्या दुरुस्तीची पायरी पडली आणि १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

आता हिशेब करू. आठ तासांचे ४८० रुपये मिळत असतील तर तासाचा साधा दर ६० रुपये. दोन तास जादा काम केले तर सिंगलने १२० आणि डबलने २४० रुपये. महिन्यात असे वीस दिवस झाले तर फरक २,४०० रुपयांचा. एका घराचा किराणा त्यातून येतो.

दुप्पट मिळाली तरी ‘कशाच्या?’ हे विचारावेच लागते. समजा मूळ पगार ६,००० रुपये आणि महागाई भत्ता ६,००० रुपये आहे. ओव्हरटाइम फक्त मूळ पगाराच्या दुपटीने काढला तर तो १२,००० च्या हिशेबाने निघेल. म्हणजे पूर्ण पगाराची ती एकपटच झाली. कागदावर ‘डबल’ लिहिलेले, हातात सिंगल. १९४८ च्या कायद्यातही साधा दर म्हणजे मूळ पगार अधिक भत्ते असेच होते, बोनस तेवढा वगळलेला.

सावकाराची चिठ्ठी

जुना ‘दामदुपटी’चा नियम आपल्या वाडवडिलांनी ऐकलेला आहे. दाम म्हणजे मुद्दल. व्याज वाढून वाढून मुद्दलाएवढे झाले की तिथे थांबले पाहिजे, एकूण येणे मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाता कामा नये, असा तो नियम. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो मानला. ऐकायला नियम दयाळू वाटतो. पण तो जिथून आला त्या मनुस्मृतीचा आठवा अध्याय पुढेमागे वाचावा.

त्याच अध्यायात महिन्याच्या व्याजाचे दर वर्णाच्या क्रमाने सांगितले आहेत. शेकडा दोन, तीन, चार आणि पाच. ब्राह्मणाला दोन, शूद्राला पाच. या दरांना तिथे जे शब्द आहेत, द्विक, त्रिक, चतुष्क, पंचक, त्यांतलेच त्रिक आणि चोक आपली मुले पाढ्यात म्हणतात. हिशेब असा : शंभर रुपये कर्ज घेतले, तर दोन टक्क्यांनी व्याज मुद्दलाएवढे व्हायला ५० महिने लागतात. पाच टक्क्यांनी २० महिने पुरतात. दुपटीची हद्द दोघांना सारखी, पण शूद्र तिथे अडीचपट वेगाने पोहोचतो. आणि धान्याच्या कर्जाला तर हद्द दुपटीची नाही, पाचपटीची. धान्य उसने कोण घेई, हे वाचकांना सांगायला नको. वर्णाबाहेरच्यांचे तर त्या यादीत नावही नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी या ग्रंथाचे दहन केले, ते केवळ धर्माचे भांडण होते असे समजणाऱ्यांनी हा व्याजाचा तक्ता मांडून पाहावा.

याच्या उलट रोमन लोकांकडे पाहा. केटो नावाचा रोमन लेखक इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेला. शेतीवरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच तो सांगतो की पूर्वजांनी कायद्यात चोराला दुप्पट दंड ठेवला आणि व्याजखोराला चौपट. रोममध्येही गुलाम होते, तो समाज काही न्यायाचा नव्हता. पण व्याजखोर हा चोरापेक्षा वाईट, एवढे त्यांनी आवृत्तिवाचक विशेषणाने लिहून ठेवले.

पुणे जिल्ह्याला सावकारीचा इतिहास आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जरोख्यांचे कागद जाळले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे. त्याप्रमाणे सावकाराला व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. अशा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. दस्तऐवज मात्र जपून ठेवावेत, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी.

‘कशाच्या?’ याच्या जोडीला ‘किती दिवसांत?’ हेही विचारावे. पेरणीला धान्य घेऊन सुगीला दीडपट परत करायचे, याला दिडी म्हणतात. दीडपट हा शब्द दुपटीपेक्षा लहान दिसतो. पण जूनमध्ये घेतलेले नोव्हेंबरमध्ये दीडपट फेडले तर पाच महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे महिन्याला दहा टक्के झाले. मनूच्या पंचकाच्या दुप्पट. उलट बाजूनेही हेच. ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणारे वस्तीत येतात. पोस्टाचे किसान विकास पत्र १९८८ मध्ये सुरू झाले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. एप्रिल २०२३ च्या दराने त्याला ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने ठरले. सरकारला जे करायला नऊ वर्षांवर लागतात ते कोणी एका वर्षात करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

जमिनीची नोटीस

मुळशीच्या मातीत ‘मोबदला’ हा शब्द फार जुना आहे. टाटांच्या धरणात आपली गावे आणि भातखाचरे जाऊ नयेत म्हणून १६ एप्रिल १९२१ ला इथे सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांनी तो पुढे चालवला. धरण झालेच. मुळशीचे पाणी भिऱ्याला नेऊन वीज केली गेली, ती मुंबईला गेली. त्या वेळी पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि कसणारे मावळे निराळे होते. जमिनीचा मोबदला कागदावरच्या नावाला मिळतो, हा धडा तिथला आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर ‘चौपट मोबदला’ हा शब्द गावोगाव झाला. तो येतो असा : बाजारमूल्य गुणिले एक गुणक, आणि जितके येईल तितकीच दिलासा रक्कम वर. ग्रामीण भागात हा गुणक एक ते दोनपर्यंत असतो. बाजारमूल्य दहा लाख आणि गुणक दोन असेल तर वीस लाख, अधिक दिलासा वीस लाख, एकूण चाळीस लाख. ही चौपट. गुणक एक असेल तर दहा आणि दहा वीस लाख, म्हणजे दुप्पटच. आणि बाजारमूल्य कसे ठरते? सरकारी दर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांवरून काढलेली सरासरी, यांतले जे जास्त असेल ते. म्हणून थोडी मुद्रांक फी वाचवायला खरेदीखतात किंमत कमी लिहिणारा शेजारी सगळ्या शिवाराची चौपट लहान करतो.

वतनी जमिनीचा प्रश्न आपला खास. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, आणि जमिनीच्या पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम भरली की ती जमीन वतनदाराला परत देण्याची तरतूद झाली. आकार म्हणजे शेतसारा. समजा तो पाच रुपये, तर तिप्पट म्हणजे पंधरा रुपये. पण तीच जमीन विकायची किंवा बिगरशेती करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि नजराणा बाजारभावावर मोजतात. वीस लाखांच्या जमिनीला बाजारभावाच्या निम्मे म्हटले तर दहा लाख होतात. तिप्पट पंधरा रुपयांची आणि निमपट दहा लाखांची! कोणी वतनी जमिनीचा कागद सहीला आणला तर हे उदाहरण आठवावे, आणि परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय अंगठा उठवू नये.

शेवटी ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचा हिशेब. शून्याची चौपट शून्य. आपल्या वस्त्यांतली किती घरे या ओळीत बसतात ते आपणच मोजावे. २०१३ च्या कायद्यात मात्र बाधित क्षेत्रात तीन वर्षे राहून मजुरीवर जगणाऱ्या भूमिहीन कुटुंबालाही ‘बाधित कुटुंब’ म्हटले आहे. नोंद झाली नाही तर तो हक्क कागदावर राहतो. म्हणून गावात मोजणी आली की सातबारावाल्यांबरोबर आपणही रेशनकार्ड आणि मतदार यादीतले नाव घेऊन उभे राहावे.

मुलांसाठी अभ्यास देतो. एक : ‘पगार तिप्पट झाला’ आणि ‘पगार तीन पटींनी वाढला’ या वाक्यांत शंभराचे किती होतात ते मांडा. पहिल्यात तीनशे. दुसऱ्यात काही तीनशे म्हणतील, काही चारशे. म्हणून कागदावर पटीबरोबर आकडाही लिहून घ्यायचा असतो. दोन : पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे जुने पाढे घरातल्या म्हाताऱ्यांना येत असतील तर विचारून वहीत उतरवा. तीन : या महिन्याच्या पगाराचा कागद आई किंवा वडिलांबरोबर बसून वाचा. त्यात जिथे जिथे ‘डबल’, ‘दीडपट’ किंवा टक्का दिसेल, तिथे पेन्सिलीने खाली एक शब्द लिहा : कशाच्या?